शनिवारी सरकणाऱ्या तासिका आणि परीक्षेनंतर चुकणारी घंटा: शालेय सॉफ्टवेअरमधील एका वारंवार उद्भवणाऱ्या अडचणीचे निवारण

शाळेच्या प्रशासकीय सॉफ्टवेअरमध्ये जूनमध्ये वेळापत्रक भरले जाते, सोमवार ते शुक्रवार सर्व काही सुरळीत चालते आणि पहिल्याच शनिवारी मधल्या सुट्टीनंतरची हजेरी भलत्याच तासिकेवर नोंदली जाते. ती दुरुस्त करावी, तर घटक चाचणीच्या आठवड्यानंतर घंटा अवेळी वाजू लागते. तीही दुरुस्त करावी, तर उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू होताच सगळे पुन्हा बिघडते. कार्यालयातील लिपिक आणि वेळापत्रक समितीचे शिक्षक प्रत्येक वेळी त्या दिवसापुरती वेळ बदलून काम निभावतात. मात्र मूळ दोष मांडणीत असल्यामुळे तो पुढच्या वेगळ्या दिवशी पुन्हा डोके वर काढतो. हा लेख त्या मूळ दोषाबद्दल आहे. उदाहरणे महाराष्ट्रातील नेहमीच्या माध्यमिक शाळेची घेतली आहेत. सॉफ्टवेअर कोणतेही असले, तरी तपासणीचा क्रम हाच राहतो.

दोष कोठे आहे हे आधी स्पष्ट करतो. शाळेच्या दिवसात चार गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतात. पहिली म्हणजे तासिकेचा क्रमांक, अर्थात पहिली, दुसरी, तिसरी तासिका. दुसरी म्हणजे ती तासिका घड्याळाप्रमाणे कधी सुरू होते आणि कधी संपते, म्हणजे घंटेच्या वेळांचा संच. तिसरी म्हणजे त्या दिवशी कोणत्या वाराचे विषय शिकवायचे आहेत. चौथी म्हणजे दिनदर्शिकेतील प्रत्यक्ष तारीख, जी वरच्या तिन्ही गोष्टींना एकत्र बांधते. कागदावरच्या वेळापत्रकात या चारही गोष्टी एकाच तक्त्यात लिहिल्या जातात. डाव्या बाजूला वार, वर क्रमांक आणि त्याखाली वेळ असा तो तक्ता असतो आणि वाचणारा शिक्षक शनिवार आला की मनातल्या मनात वेळ बदलून घेतो. सॉफ्टवेअर तसे करत नाही. तोच तक्ता जसाच्या तसा संगणकात भरला, तर ‘तिसरी तासिका’ आणि ‘१२:२५ वाजता सुरू होणारी तासिका’ या त्याच्या लेखी एकच होऊन बसतात. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एकाच गल्लतीत सापडते.

पुढील सर्व स्पष्टीकरणासाठी एक नमुना समोर ठेवू. शाळा सोमवार ते शुक्रवार ११:०० वाजता भरते. परिपाठ ११:१५ पर्यंत चालतो आणि त्यानंतर पस्तीस मिनिटांच्या तीन तासिका १:०० पर्यंत होतात. मग दहा मिनिटांची छोटी सुट्टी, १:१० ते २:२० चौथी आणि पाचवी तासिका, २:५० पर्यंत मधली सुट्टी आणि त्यानंतर सहावी, सातवी व आठवी तासिका होऊन ४:३५ ला शाळा सुटते. शनिवारी शाळा सकाळी ७:३० ला भरते. परिपाठ ७:४० पर्यंत, तीस मिनिटांच्या तीन तासिका ९:१० पर्यंत, पंधरा मिनिटांची सुट्टी, पुन्हा तीन तासिका आणि १०:५५ ला शाळा सुटते. वेळा शाळेगणिक बदलतील, पण रचना ओळखीची आहे.

तपासणीची सुरुवात एकाच तारखेपासून करावी

अडचण आली की संपूर्ण वेळापत्रक उघडून बसण्याचा मोह होतो. त्याऐवजी ज्या दिवशी चूक घडली ती एकच तारीख, एकच तुकडी आणि एकच तासिका निवडावी. मग सॉफ्टवेअरमध्ये तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. या तारखेला कोणता घंटासंच लागू आहे? या तारखेला कोणत्या वाराचे विषय लागू आहेत? आणि या तुकडीच्या या तासिकेला तो घंटासंच कोणती वेळ देतो? उत्तरे कागदावर लिहून काढावीत, कारण तीन वेगवेगळ्या पडद्यांवर असलेली माहिती डोक्यात ठेवून ताडणे कठीण असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे आले तर दोष दिनदर्शिकेत आहे. दुसऱ्याचे चुकले तर तो वाराच्या नेमणुकीत आहे. तिसऱ्याचे चुकले तर तो घंटासंचात किंवा तासिकांच्या क्रमांकांत आहे. तिन्ही उत्तरे बरोबर असूनही घंटा अवेळी वाजत असेल, तर सॉफ्टवेअर निर्दोष असून घंटेचे यंत्र तपासायला हवे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येईल असा स्वतंत्र घंटासंच काही सॉफ्टवेअरमध्ये नसतोच. तासिकेच्या नोंदीतच सुरू होण्याची व संपण्याची वेळ भरावी लागते. अशा सॉफ्टवेअरमध्ये शनिवारसाठी तासिकांचा वेगळा गट करून ‘शनि-१’, ‘शनि-२’ अशी नावे द्यावी लागतात. हे करता येते, पण मग विषयनिहाय झालेल्या तासिकांची बेरीज दोन ठिकाणी विभागली जाते आणि महिनाअखेरीस ती हाताने जुळवावी लागते. नवीन सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा, असे माझे ठाम मत आहे: एका तासिकेला वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी वेळ देता येते का?

सुट्टीला क्रमांक दिला की पुढचे सर्व सरकते

शनिवारच्या घोटाळ्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे सुट्टीला दिलेला तासिकेचा क्रमांक. हे अनेकदा वेळापत्रक तयार करणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेले असते, त्यामुळे प्रशासकीय सॉफ्टवेअरमध्ये कितीही शोधले तरी त्याचा उगम दिसत नाही.

‘फेट’ या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे उदाहरण घेऊ. शिक्षकांच्या तासिका एकमेकांवर न आदळता वेळापत्रक आपोआप जुळवण्यासाठी अनेक देशांतील शाळा ते वापरतात आणि ते विनामूल्य आहे. त्यात दिवस आणि ‘अवर’ म्हणजे दिवसातील खाने भरावे लागतात. हे खाने केवळ नावे असतात. त्या खान्यात पस्तीस मिनिटे आहेत की तीस, याच्याशी फेटला काही कर्तव्य नसते. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाची जोड तासिका मधल्या सुट्टीने तुटू नये म्हणून जाणकार लोक सुट्टीलाही एक खाना देतात आणि त्या खान्यावर ‘ब्रेक’चे बंधन घालतात. हे अगदी योग्य आहे. सुट्टीचा खाना नसेल, तर पाचवी आणि सहावी तासिका फेटच्या दृष्टीने सलग ठरतात आणि प्रात्यक्षिकाचा अर्धा भाग सुट्टीच्या अलीकडे, अर्धा पलीकडे पडू शकतो.

अडचण पुढच्या पायरीवर येते. आपल्या नमुना शाळेत सोमवारी चौथा खाना छोट्या सुट्टीचा आणि सातवा मधल्या सुट्टीचा होतो. त्यामुळे सहावी तासिका आठव्या खान्यात जाते. शनिवारी सुट्टी एकच असल्यामुळे फक्त चौथा खाना सुट्टीचा असतो आणि सहावी तासिका सातव्या खान्यात येते. म्हणजे एकच सहावी तासिका सोमवारी आठवी आणि शनिवारी सातवी. फेटमधून निर्यात केलेली फाइल प्रशासकीय सॉफ्टवेअरमध्ये घेताना ‘आठवा खाना म्हणजे सहावी तासिका’ असा एकच नियम सर्व दिवसांना लावला, तर पाच दिवस सर्व बरोबर दिसते आणि सहाव्या दिवशी मधल्या सुट्टीच्या खान्यात गणिताचा तास येऊन बसतो. येथे दुरुस्ती एकच: खाना आणि तासिका यांची जुळणी वारनिहाय करावी. त्यासाठी साधा तीन स्तंभांचा तक्ता पुरतो, ज्यात वार, खाना आणि तासिका क्रमांक लिहिलेले असतात. सुट्टीच्या खान्यासमोर तासिकेचा स्तंभ रिकामा ठेवावा.

याच्याशीच जोडलेली एक दक्षता अशी की फेटमधील खान्यांना ‘११:१५-११:५०’ अशी वेळेची नावे देऊ नयेत. छापील वेळापत्रक सुंदर दिसावे म्हणून ती दिली जातात, पण खान्यांची नावे सर्व दिवसांना सामाईक असल्यामुळे शनिवारच्या रकान्यासमोरही ११:१५ हीच वेळ छापली जाते, जेव्हा शाळा सुटून वीस मिनिटे झालेली असतात. ‘खाना १’, ‘खाना २’ अशी तटस्थ नावे ठेवावीत आणि वेळ घंटासंचातून यावी.

प्रशासकीय सॉफ्टवेअरमध्ये सुट्टी व परिपाठ भरायचे असतील, कारण घंटा त्यांच्याही सुरुवातीला व अखेरीस वाजायला हवी, तर त्यांची नोंद घंटासंचात करावी आणि तिचा प्रकार ‘अध्यापनाव्यतिरिक्त’ असा निवडावा. हा एक छोटा चौकोन रिकामा राहिला तर काय होते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीनुसार इयत्ता सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १,००० अध्यापन तास अपेक्षित आहेत. पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास. आपल्या नमुना शाळेत आठवड्याला पाच दिवस २८० मिनिटे आणि शनिवारी १८० मिनिटे, म्हणजे एकूण १,५८० मिनिटे अध्यापन होते. २२० दिवस म्हणजे छत्तीस पूर्ण आठवडे आणि वर चार दिवस. हिशेब केला तर सुमारे ९६७ तास भरतात, म्हणजे सुमारे तेहतीस तास कमी पडतात आणि शाळेला एखादी तासिका वाढवण्याचा विचार करावा लागेल. आता सुट्ट्याही अध्यापनात धरल्या गेल्या, तर वर्षाला जवळपास १३२ तास फुगतात आणि अहवाल सुमारे १,०९८ तास दाखवतो. तूट आहे हे कोणालाच कळत नाही. शनिवारी हजेरी चुकली तर वर्गशिक्षक लगेच ओरड करतात, पण ही चूक मुलांच्या शिकण्याचे तास गिळून वर्षभर गप्प राहते. म्हणून घंटा बरोबर वाजत असली, तरी एकदा हा चौकोन प्रत्येक सुट्टीसाठी उघडून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शनिवारी सोमवारचे विषय शिकवायचे असतील तर

अतिवृष्टीमुळे सोमवारची शाळा बुडाली आणि मुख्याध्यापकांनी येत्या शनिवारी सोमवारच्या तासिका घेण्याची सूचना काढली, हा प्रसंग पावसाळ्यात कोकणापासून विदर्भापर्यंत कोठेही येतो. येथे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते दोन वेगळ्या ठिकाणी नोंदवायचे आहेत. विषय सोमवारचे, परंतु घंटा शनिवारची. दिनदर्शिकेत त्या तारखेचा ‘वार’ बदलून सोमवार केला की बरीचशी सॉफ्टवेअर घंटासंचही सोमवारचा लावतात, आणि सकाळी ७:३० ला आलेल्या मुलांसाठी पहिली घंटा ११:०० ला ठरते. वार बदलल्यानंतर त्याच तारखेला घंटासंच पुन्हा हाताने ‘शनिवार’ असा निवडावा आणि जतन केल्यानंतर पान नव्याने उघडून तो टिकला आहे ना, हे पाहावे. काही सॉफ्टवेअरमध्ये वार बदलण्याची क्रिया नंतर केली तर आधी निवडलेला घंटासंच पुसला जातो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे: आधी वार, मग घंटासंच.

या रचनेत सोमवारच्या आठ तासिका आणि शनिवारच्या सहा वेळा असा विसंवाद उरतो. सातव्या आणि आठव्या तासिकेला वेळच नसल्यामुळे सॉफ्टवेअर त्या गुपचूप वगळते, किंवा हजेरीच्या पानावर ‘वेळ निश्चित नाही’ अशा आशयाचा संदेश देते. कोणत्या दोन तासिका गाळायच्या हे वेळापत्रक समितीने ठरवून त्या तारखेला रद्द म्हणून नोंदवाव्यात. हे सॉफ्टवेअरवर सोडले तर नेहमी शेवटच्याच दोन तासिका जातात, आणि बहुतेक शाळांत शेवटच्या तासिकांना चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव असल्यामुळे त्याच विषयांचे नुकसान पुन्हा पुन्हा होते.

परीक्षेसाठी मूळ संच बदलू नये

परीक्षेनंतर किंवा गणपतीच्या अर्ध्या दिवसानंतर घंटा चुकते, याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. कोणीतरी घाईत ‘नियमित’ या घंटासंचातीलच वेळा बदललेल्या असतात. परीक्षा संपते आणि वेळा पूर्ववत करायच्या राहून जातात, किंवा केल्या तरी एखादी राहते. याहून गंभीर परिणाम मागच्या नोंदींवर होतो. अनेक सॉफ्टवेअरमध्ये जुन्या तारखांची उपस्थिती घंटासंचाच्या सध्याच्या वेळांवरून मोजली जाते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये केलेला बदल जुलैची मिनिटेही बदलून टाकतो.

यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच चार-पाच घंटासंच तयार ठेवावेत: नियमित, शनिवार, अर्धा दिवस, परीक्षा आणि उन्हाळी सकाळ. त्यांची नावे अशी असावीत की वर्षभरानंतर नव्याने आलेल्या लिपिकालाही ती कळतील. ‘नवीन २’ किंवा ‘अंतिम’ अशी नावे देऊ नयेत. विशेष दिवशी त्या तारखेपुरता योग्य संच लावावा आणि मूळ संचाला हात लावू नये. परीक्षा दहा दिवस चालणार असेल तर तारखांचा पल्ला निवडून एकदाच लावता येतो, मात्र त्या पल्ल्यात येणारा शनिवार आणि रविवार वेगळे तपासावेत, कारण सरसकट लावलेला संच शनिवारचा संच झाकून टाकतो आणि काही ठिकाणी रविवारही कामाचा दिवस म्हणून नोंदवला जातो.

शाळेची वेळच कायमची बदलली, उदाहरणार्थ व्यवस्थापनाने नोव्हेंबरपासून शाळा पंधरा मिनिटे आधी भरवायचे ठरवले, तर जुना संच दुरुस्त करण्याऐवजी त्याला समाप्तीची तारीख द्यावी आणि पुढच्या तारखेपासून नवा संच लागू करावा. जुनी तासिका कधीही पुसून टाकू नये. तिच्याशी मागील महिन्यांची हजेरी जोडलेली असते. तासिका पुसली की काही सॉफ्टवेअर ती हजेरीही पुसतात आणि काही ती अनाथ अवस्थेत ठेवतात, जी कोणत्याही अहवालात दिसत नाही.

एका आवारात दोन वेळा: प्राथमिक आणि माध्यमिक

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला. लहान मुलांच्या झोपेचा विचार करता तो योग्यच आहे, पण ज्या संस्थांमध्ये प्राथमिक विभाग सकाळी सातला भरून माध्यमिक विभाग सुरू होण्याच्या सुमारास सुटत असे, तेथे आता दोन्ही विभागांच्या वेळा एकमेकींवर आल्या. यातून सॉफ्टवेअरमध्ये दोन नव्या तक्रारी सुरू झाल्या.

पहिली तक्रार सामाईक शिक्षकांची आहे. समजा, प्राथमिक विभाग ९:०० ला भरतो. त्याची दुसरी तासिका ९:५० ते १०:२५ आणि सुट्टीनंतरची चौथी तासिका ११:३० ते १२:०५ आहे. माध्यमिकची दुसरी तासिका ११:५० ते १२:२५ आहे. संगीताच्या शिक्षिका दोन्ही विभागांना शिकवतात. त्यांना दोन्हीकडे दुसरी तासिका दिली की सॉफ्टवेअर ‘तासिका एकाच वेळी येत आहेत’ असे सांगून नोंद नाकारते, जेव्हा प्रत्यक्षात दोहोंमध्ये जवळपास दीड तासाचे अंतर आहे. उलट प्राथमिकची चौथी आणि माध्यमिकची दुसरी दिली, तर ते काहीच बोलत नाही आणि बाईंना ११:५० पासून १२:०५ पर्यंत दोन वर्गांत एकाच वेळी हजर राहावे लागते. कारण उघड आहे: येथे तपासणी क्रमांकावर होते, घड्याळावर होत नाही. सेटिंगमध्ये ‘वेळेनुसार संघर्ष तपासा’ अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो चालू करावा. नसेल, तर माध्यमिकच्या तासिकांना अकरापासून पुढचे क्रमांक द्यावेत, म्हणजे खोटा नकार थांबतो. खरा संघर्ष मात्र तरीही हातानेच शोधावा लागतो. त्यासाठी सामाईक शिक्षकांची यादी वेगळी काढून प्रत्येकाच्या तासिका घड्याळाच्या क्रमाने लावून पाहाव्यात. एका विभागातून दुसऱ्या विभागात जाण्यासाठी पाच मिनिटे सोडणेही न्यायाचे आहे.

दुसरी तक्रार घंटेची आहे. दोन संच एकाच ध्वनिक्षेपकाला जोडले की प्राथमिकच्या सुट्टीची घंटा माध्यमिकच्या वर्गांतही ऐकू येते. यंत्रात स्वतंत्र विभाग, म्हणजे झोन, असतील तर प्रत्येक घंटासंच त्याच्या विभागाला जोडावा. नसतील तर दोन विभागांना स्पष्टपणे वेगळे आवाज द्यावेत आणि ते विद्यार्थ्यांना परिपाठात ऐकवावेत.

मिनिटांची आणि तारखांची भरणी

एक तासिका ११:५० ला संपते आणि दुसरी ११:५० लाच सुरू होते. काही सॉफ्टवेअर याला वेळांचे आच्छादन समजून हरकत घेतात. ती टाळण्यासाठी समाप्ती ११:४९ अशी भरली जाते, पण त्यामुळे प्रत्येक तासिका चौतीस मिनिटांची होते, दिवसाला आठ मिनिटे हरवतात आणि काही यंत्रांवर एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घंटा वाजते. समाप्तीची वेळ तासिकेत धरायची की नाही, हे ठरवणारे सेटिंग आधी शोधावे. सुरुवात धरावी आणि समाप्ती वगळावी, हा नियम लावला की ११:५० दोन्हीकडे निर्धास्तपणे भरता येते.

वेळा चोवीस तासांच्या पद्धतीने, म्हणजे १३:१०, १४:५०, अशा भराव्यात. बारा तासांच्या पद्धतीत दुपारच्या तासिकेला चुकून ‘एएम’ राहिले की चौथी तासिका पहाटे एकला जाते आणि क्रम लावताना पहिल्या तासिकेच्या वर येऊन बसते. दुपारच्या तासिका सकाळच्या आधी दिसणे ही या चुकीची खूण आहे.

एक्सेलमधून माहिती आयात करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक्सेल वेळ ही दिवसाच्या अपूर्णांकात साठवते; दुपारचे बारा म्हणजे ०.५ आणि ११:५० म्हणजे ०.४९३०५५… हा न संपणारा अपूर्णांक. आयात करताना तो खाली तोडला गेला की ११:५० चे ११:४९ होते. वेळा भरण्यापूर्वीच स्तंभ मजकूर स्वरूपात करून घेतला की हे टळते. तारखांमध्ये दिवस आणि महिन्याची अदलाबदल होते. २०२५ च्या जुलैचे उदाहरण घ्या. ५ आणि १२ जुलै हे शनिवार. अमेरिकी पद्धत निवडलेल्या संगणकावर ०५/०७ म्हणजे ७ मे आणि १२/०७ म्हणजे ७ डिसेंबर असे वाचले जाते, तर १९ आणि २६ जुलैचा तसा अर्थच निघत नसल्यामुळे ते बहुधा बरोबर वाचले जातात किंवा नाकारले जातात. म्हणून महिन्याच्या १२ तारखेपर्यंतचे शनिवार चुकत असतील आणि त्यानंतरचे बरोबर येत असतील, तर अन्यत्र शोधू नये. २०२५-०७-०५ या पद्धतीने तारखा लिहून फाइल पुन्हा आयात करावी.

सॉफ्टवेअर बरोबर असूनही घंटा चुकत असेल तर

फरक किती आहे यावरूनच कारण कळते. ११:०० ची घंटा ४:३० ला, म्हणजे बरोबर साडेपाच तास उशिरा वाजली, तर यंत्र वेळांना जागतिक प्रमाणवेळ समजत आहे. कालक्षेत्र ‘आशिया/कोलकाता’ निवडावे. बरोबर अर्ध्या तासाचा फरक असेल तर शेजारचे, पाच किंवा सहा तासांचे कालक्षेत्र निवडले गेले आहे. फरक काही मिनिटांचा असून दर महिन्याला वाढत असेल, तर यंत्रातील घड्याळ सरकते आहे. स्वस्त यंत्रांत डीएस१३०७ ही चिप साध्या स्फटिकासह वापरलेली असते. अशा स्फटिकात दशलक्ष भागांत वीस भागांचा फरक सहज असतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला पाऊण मिनिटाहून थोडे अधिक. तापमानाचा परिणाम स्वतः भरून काढणाऱ्या डीएस३२३१ चिपमध्ये हा फरक वर्षाला साधारण एका मिनिटावर येतो. यंत्र खरेदी करताना हा प्रश्न विचारणे शाळेच्या हिताचे आहे. यंत्र इंटरनेटला जोडलेले असेल तर ते वेळ आपोआप जुळवू शकते. त्यासाठी शाळेच्या राउटरमध्ये यूडीपी १२३ हा पोर्ट, म्हणजे वेळ जुळवणीच्या संदेशांचा ठरलेला मार्ग, बाहेर जाण्यास खुला असावा. वीज गेल्यानंतरच घंटा चुकत असेल, तर बहुतेक वेळा आतील नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते.

काही यंत्रे सॉफ्टवेअरमधून वेळापत्रक दिवसातून एकदाच, बहुधा मध्यरात्रीनंतर, उतरवून घेतात. सकाळी दहाला केलेला बदल त्यांच्यापर्यंत दुसऱ्या दिवशी पोहोचतो. बदलानंतर यंत्राच्या पानावर जाऊन वेळापत्रक हाताने पाठवावे आणि शेवटचे अद्ययावतीकरण केव्हा झाले ते तिथेच वाचावे.

दुरुस्तीनंतरची पडताळणी

बदल केल्यानंतर आठ तारखा निवडाव्यात: एक साधा सोमवार, एक शनिवार, परीक्षेचा एक दिवस, परीक्षेनंतरचा लगेचचा दिवस, बदली वाराचा एक शनिवार, उन्हाळी सकाळच्या शाळेचा पहिला दिवस, एक सार्वजनिक सुट्टी आणि मागील महिन्यातील एक दिवस. प्रत्येक तारखेला एका तुकडीचे पान उघडून वर सांगितलेले तीन प्रश्न पुन्हा विचारावेत. सार्वजनिक सुट्टीला घंटासंच रिकामा असायला हवा. तो भरलेला दिसला तर १५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या मध्येच पहिल्या तासिकेची घंटा वाजेल. मागील महिन्यातील दिवसाची हजेरी आणि मिनिटे बदल करण्यापूर्वी छापून ठेवावीत आणि नंतर ताडावीत. ती बदललेली आढळली तर त्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या तारखांची मोजणी नव्या वेळांवरून होत आहे, हे निश्चित होते. तेव्हा बदल मागे घ्यावा आणि तो नव्या लागू तारखेच्या स्वतंत्र संचात करावा. काही सॉफ्टवेअरमध्ये हजेरीची पाने तात्पुरत्या साठ्यातून दाखवली जातात, त्यामुळे ताडण्यापूर्वी ‘पुनर्गणना’ किंवा ‘रिफ्रेश’ ही क्रिया एकदा चालवावी. ती मोठ्या शाळेत बराच वेळ घेते, म्हणून शाळा सुटल्यानंतर सुरू करावी.